परांडेकर बाईंचा डावा हात

बांगडी फुटली आणि बाईंचा डावा हात मोकळा पडला. शाळेच्या पडवीत चटयांवर बसलेल्या सगळ्या आयांनी तो मोकळा हात पाहिला, आणि ज्या बोलत होत्या त्या बोलता बोलता थांबल्या. मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या वाकून चटईवरचे हिरवे तुकडे वेचायला लागल्या, तांदळातले खडे वेचावेत तसे, आणि पदरात टाकायला लागल्या. सराफकाकू हसून म्हणाल्या, "अहो बाई, ते काय वेचता? नवा चुडा भरतोय ना आम्ही!" बाई खाली बघूनच म्हणाल्या, "या त्यांच्यासमोर भरलेल्या होत्या." काकू म्हणाल्या, "मग येऊ देत की यजमानांना. पुन्हा भरू त्यांच्यासमोर, त्यात काय? कधी येतायत?" बाईंच्या हातातला तुकडा हातातच राहिला. त्या म्हणाल्या, "माहीत नाही. ते आहेत की नाहीत, तेच मला माहीत नाही."

मी पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. तोंडात माव्याची जिलेबी होती. ती गिळावी की तशीच धरावी, मला कळेना.

आम्ही गावातल्या राजपुरा पेठेत राहायचो, वेशीपासून जवळ. मागच्या गल्लीत मोमिनांची घरं होती आणि प्रत्येक घरात माग. मी जन्मले ती त्या मागांच्या खटखटीत, त्यामुळे तो आवाज मला कधी आवाज वाटलाच नाही. तो थांबला की मात्र जाग यायची. दुपारी नमाजाच्या वेळी एकेक माग बंद पडत जायचा आणि सगळी गल्ली पाण्यात बुडल्यासारखी व्हायची. मग मायच्या जात्याची घरघर, शेजारच्या खापरेलीवर कबुतरांचं घुमणं, लांब नदीकडे कुणीतरी बैलाला मारलेली हाक, असं सगळं एकेक करून वर यायचं. माय ओट्यावर पाय पसरून लसूण सोलत बसायची आणि तिथंच पेंगायची. तिच्या हातातला लसूण हातातच राहायचा. दादा, म्हणजे माझे वडील, सरकी काढायच्या जिनात तोलारी होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर, मिशांवर कापूस असायचा आणि ते म्हातारे दिसायचे. न्हाणीतून तोंड धुऊन बाहेर आले की पुन्हा तरुण. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील रोज संध्याकाळी म्हातारे होतात आणि भाकरीच्या वेळेपर्यंत बरे होतात.

शाळा आमच्याच गल्लीच्या टोकाला, एका व्यापाऱ्याच्या जुन्या कोठीच्या पुढच्या भागात भरायची. मुलींची मराठी शाळा. मागच्या भागात अजून सरकीची पोती असायची, म्हणून वर्गात कायम सरकीचा तेलकट वास. मोठ्या बाई शाळेच्या मुख्य. अंगानं जाड, दुपारी खुर्चीतच डुलकी घेणाऱ्या, पण डुलकीतही पाढा चुकला तर डोळा उघडायच्या. परांडेकर बाई तिसरी-चौथी शिकवायच्या. आणि गोदामाय. गोदामाय सकाळी घराघरांतून मुली गोळा करून आणायची. तेव्हा मुलगी आपली आपण शाळेत जात नसे, तिला कुणीतरी न्यायला यावं लागे. गोदामाय आमच्या दारात उभी राहून ओरडायची, "वच्छले, निंघतं का आता? का सासरी धाडू लागते तुले?" एकीच्या वेणीला धरून, दुसरीच्या दप्तराला धरून ती आम्हाला शेळ्यांसारखी हाकत न्यायची.

परांडेकर बाई आमच्याकडच्या नव्हत्या. निजामाच्या मुलखातून आल्या होत्या. तिकडे धामधूम सुरू झाली तेव्हा माणसं रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी, मिळेल तशी इकडे आली. बाई एक वळकटी आणि एक पितळी डबा घेऊन आल्या. यजमान तिकडेच शाळेत मास्तर होते. शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून ते मागे राहिले, एवढं बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे सराफ्यात रेडिओवर सांगितलं की निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील झालं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले. आलेली माणसं हळूहळू परत गेली. बायका बाईंना विचारायच्या, "आता शांत झालं ना हो तिकडे? येतील ना यजमान?" बाई म्हणायच्या, "येतील." आणि फळ्याकडे वळायच्या. कपाळावर कुंकू, गळ्यात काळी पोत, दोन्ही हातांत एकेक हिरवी बांगडी, जुनी, रंग गेलेली. येतील म्हणाल्या म्हणजे येतील. आणखी काय विचारायचं असतं?

शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी शिकायची तर मुलांच्या शाळेत, मास्तरांच्या हाताखाली. ते राजपुऱ्यातल्या एकाही घराला चालणारं नव्हतं. दादा मला म्हणाले होते, "तुझ्या शाळेत पाचवी निघाली तर जा. नाही निघाली तर मायला हात लाव." माझं सगळं त्या पाचवीवर होतं. शाळेच्या पंचांचे पुढारी सराफकाका. ते म्हणाले, परांडेकर बाई पाचवी घेत असतील आणि मुलींच्या आया म्हणत असतील तर काढू. बाई हो म्हणाल्या होत्या. आया काय म्हणतात ते सराफकाकू सांगणार होत्या, आणि काकू घरी जाऊन सांगतील तेच काका करणार, हे राजपुऱ्यात बारक्या पोरांनाही ठाऊक होतं. काकूंचीच लीला माझ्या वर्गात होती, त्यामुळे आम्ही पाचवी निघाल्यातच जमा धरली होती.

चौथीचा निकाल लागणार, त्या दिवशी आयांनी मिळून शाळेतल्या बायांना काहीतरी द्यावं, असं काकूंनीच काढलं. तोवर असं कुणी केलं नव्हतं. मास्तरांना दक्षिणा देतात, पण बायकांना काय द्यायचं? आमच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. एक म्हणाली लुगडी द्या. दुसरी म्हणाली, मोठ्या बाईंना नऊवारी पुरायचं नाही, दोन जोडावी लागतील. दादा आतून ओरडले, "घड्याळ द्या. म्हणजे वेळेवर तरी येतील." माय म्हणाली, "तुम्ही बसा आत, कापूस झाडा मिशीचा." खूप हसल्या सगळ्या. शेवटी काकू म्हणाल्या, लग्नघरी घरधनीण सगळ्या बायकांना बांगड्या भरते, तसं आपण शाळेला लग्नघर समजू. बांगड्या भरणाऱ्या मनिहारीण चाचीला बोलवू, दोघी बायांना हिरवा चुडा भरू, हळदीकुंकू लावू, वर गोड म्हणून दराबा आणि जिलेबी. गोदामाय विधवा, तिला लुगडं. सगळ्यांना पटलं. त्यापेक्षा मानाचं देणं आमच्या बायकांना माहीतच नव्हतं. दोघींपैकी एकीला तरी आधी विचारावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. मान द्यायला कुणी विचारून जातं का?

माझी नातसून हल्ली फोनवर अशाच एका गटात असते. पोराच्या शाळेच्या आयांचा गट. टीचरला काय द्यायचं यावर दिवसभर टुंग टुंग वाजत असतं. कुणी कप म्हणते, कुणी पर्स म्हणते. मी तिला म्हटलं, "आधी तिला विचारा, तिला काय नको ते." ती म्हणाली, "आजी, सरप्राइज असतं ते." इथं निंबोल्यात आमच्या घरामागे केळीची बाग आहे. दुपारी मी तिच्या कडेला खाट टाकून पडते. पानांतून ऊन गाळून येतं ते हिरवं असतं, हातावर पडलं की हातही हिरवा. मग डोळा लागतो आणि मी जाते ती थेट त्या पडवीत.

कारण त्या दिवशीही पडवी अशीच हिरवी झाली होती. चाची आली ती डोक्यावर पेटारा घेऊन आणि खांद्यावर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा घेऊन. तिनं माळा खुंट्यांना टांगल्या. पश्चिमेचं ऊन त्यांच्यातून आत आलं आणि भिंतीवर, आढ्यावर, मोठ्या बाईंच्या गालावर हिरव्या गोल रेघा हलायला लागल्या. कुणी बोललं, कुणी उठलं की वारा लागून त्या रेघा थरथरायच्या. अंगणात पाणी मारलं होतं. दराब्याचा तुपाचा वास, ओल्या मातीचा वास आणि मागून सरकीचा वास, सगळं एकात एक. माझा पहिला नंबर आला होता. कुणी फारसं विचारलं नाही, पण मला तो आतून गोड लागत होता, जिलेबीसारखाच. मला वाटलं, आता सगळं असंच राहणार. पाचवी निघणार, सहावी निघणार, आणि आपण या हिरव्या पाण्यात बसून शिकत राहणार.

चाची आधी मोठ्या बाईंकडे वळली. बांगड्या भरताना कसं करतात ते सांगते, कारण आताच्या मुली दुकानातून डबी आणून आपल्या आपण घालतात. मनिहारीण बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घेते, दाबून दाबून मऊ करते. आधी जुन्या बांगड्या काढायच्या. निघतात त्या निघतात, निघत नाहीत त्या अंगठ्यानं दाबून हलकेच मोडायच्या. पण सगळ्या एकदम नाही. एक जुनी हातात ठेवायची, पहिली नवी चढली की मग ती काढायची. सवाशिणीचा हात घडीभरही मोकळा राहता कामा नये. चाची मोठ्या बाईंचा हात दाबत म्हणत होती, "हाथ ढीला छोडो बाई, मुट्ठी मत बांधो. अरे, ये तो सुतार का हाथ है!" मोठ्या बाई वेदनेनं आणि हसण्यानं रडत होत्या. गोदामाय दाराशी नवं लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "मले लुगडं आन् यायले काचा. मी नफ्यात आहो बाप्पा!"

मग परांडेकर बाईंची पाळी आली. त्यांनी आधी हात पदराखालून काढलाच नाही. "मला राहू द्या," म्हणाल्या. बायकांना वाटलं, लाजतात. काकूंनीच त्यांचा हात धरून चाचीच्या गुडघ्यावर ठेवला. हातात एकच बांगडी. ती एक ठेवून नवी चढवायची म्हणून चाचीनं ती बोटानं वर सरकवली, जागा करायला. बाईंना वाटलं, मोडते आहे. त्यांनी "ती नको!" म्हणून हात ओढला. चाचीच्या चिमटीत ती बांगडी होती. एवढंच झालं. वर लिहिलं ते त्याच्यानंतरचं.

ते आहेत की नाहीत तेच मला माहीत नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा पडवीत भिंतीवरच्या रेघा तेवढ्या हलत होत्या. काकूंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

"केव्हापासूनचं माहीत नाही?" काकूंनी विचारलं.

"मला गाडीत बसवून दिलं तेव्हापासून," बाई म्हणाल्या. "शाळा बंद करून येतो म्हणाले."

"मग हे आधी सांगायचं नाही का? आम्ही सौभाग्याचं लेणं घेऊन आलो. उद्या भलतंसलतं कानावर आलं तर त्याचा दोष आमच्या माथी." काकू वाईट बाई नव्हत्या. घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्यांचा आवाज चढायचा. "चाची, तू थांब जरा. मी घरी विचारते. मग बघू."

चाची थांबली नाही. तिनं पुन्हा बाईंचा हात ओढून गुडघ्यावर घेतला. म्हणाली, "थांबू कैसे? मेरे सामने से आज तक किसी का हाथ नंगा नहीं उठा. ये मेरा धंदा है, काकू, तुम्हारा नहीं."

"अगं पण त्यांचं माहीत नाही ना!"

"मेरा मालूम है क्या? मेरा मरद करांची देखने गया, सो अब तक देखीच रहा है. ना खत, ना खबर. मैंने उतारी क्या?" तिनं आपले दोन्ही हात वर करून वाजवले. कोपरापर्यंत बांगड्या होत्या. "हर ईद को नई भरती हूँ. किसको पूछूँ? तुमको?"

मोठ्या बाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात धरला.

काकू म्हणाल्या, "तुमच्यात चालत असेल ते."

"तुम्हारे हाथ में भी मेरीच भरी हुई हैं, काकू," चाची म्हणाली, आणि हिरव्या बांगड्यांची जुडी सोडून मांडीवर घेतली. पण घातली नाही. ती बायकांकडे बघायला लागली. बांगड्या आयांच्या होत्या. कुणीतरी आईनं भर म्हणायला हवं होतं. सगळ्या चटईकडे बघत होत्या.

माझी माय उठली. मला म्हणाली, "वच्छे, बाईंना पाणी आण." मी उठले नाही, कारण माय काय करते ते मला बघायचं होतं. तिनं आपल्या पदरानं बाईंच्या मनगटावरचं रक्त पुसलं आणि चाचीला म्हणाली, "भर गं."

काकू मायकडे वळल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "वच्छीला पाचवीत बसवायचंय ना तुम्हाला?"

"हो," माय म्हणाली. "बसवायचंय." आणि पुन्हा चाचीला म्हणाली, "भर. उघडा ठेवू नको हात."

चाचीनं भरल्या. दाबत, सरकवत, एकेक. बाई रडल्या नाहीत. कुठेतरी लांब बघत होत्या, रेल्वेच्या खिडकीतून बघावं तसं. पहिली बांगडी चढली तेव्हा नमाजासाठी थांबलेले माग पुन्हा सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळी गल्ली. मला आठवतं ते असं. कदाचित ते आधीच सुरू झाले असतील. उजव्या हाताची जुनी बांगडी बाईंनी काढू दिली नाही. चाचीनं नव्या तिच्यामागे सरकवल्या. काकूंनी लीलाला उठवलं, ताट उचललं आणि गेल्या. त्यांच्यामागून आणखी काहीजणी गेल्या. हळदीकुंकू राहिलंच. जिलेबीही पुष्कळ राहिली. ती गोदामायनं नव्या लुगड्याच्या पदरात बांधून घेतली आणि म्हणाली, "घाबरलेल्या मानसाले भूक नसते. मले आहे."

संध्याकाळी दादा आले. त्यांना जिनातच कळलं होतं. तोंड न धुताच ओट्यावर बसले. "काय केलंस हे?" ते म्हणाले.

माय भाकरी थापत होती. म्हणाली, "तिचा हात मोकळा होता."

"आणि पोरीची पाचवी?"

मायनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. दादा उठून तोंड धुवायला गेले.

पाचवी निघाली नाही. लीलाला मामाकडे शिकायला पाठवलं. बाकीच्या घरी बसल्या, त्यांत मी. बाईंना पंचांनी काढलं नाही, कारण दुसरी मराठी बाई मिळत नव्हती, पण पाचवीचं पुन्हा कुणी काढलं नाही. पुढे राज्याच्या सीमा ठरल्या. मराठी मुलूख दुसऱ्या राज्यात गेला, आम्ही हिंदी राज्यात राहिलो, आणि शाळेत हिंदी आली. बाई हिंदीतही शिकवायच्या. मी त्यांच्या वर्गासमोरून पाण्याची घागर घेऊन जायची तेव्हा त्या फळ्याकडे वळलेल्या असायच्या. त्यांनी कधी मला हाक मारली नाही, मी कधी थांबले नाही.

मायनं बरोबर केलं का, असं माझी मुलगी विचारायची. मी सांगायची, बरोबर केलं. पण जे तिनं दिलं ते तिचं नव्हतं, माझं होतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. त्यावर मी रडले वगैरे नाही. घागरी भरल्या, भांडी घासली, लग्न होऊन निंबोल्याला आले, केळी लावल्या. वाचता येतं, लिहिता येतं. ते चौथीपर्यंतचं आहे आणि परांडेकर बाईंनी शिकवलेलं आहे. अक्षर त्यांच्यासारखंच येतं, जरा डावीकडे कललेलं.

चाचीचा नवरा आला. एका सकाळी स्टेशनवरून टांग्यातून उतरला, दात पडलेले, हातात पत्र्याची पेटी. चाचीनं गल्लीभर ऐकू जातील अशा शिव्या घातल्या आणि मग चहा केला. तो पुढे बरीच वर्षं तिच्या दुकानात बसून बांगड्या पुसायचा. बाईंचे यजमान आले नाहीत. ते गेल्याचीही खबर आली नाही. बाई दर वर्षी चाचीकडे जाऊन नवा चुडा भरून घ्यायच्या, उजव्या हातातली ती जुनी तशीच ठेवून. म्हातारपणी हात वाळले तेव्हा ती आपोआप निघत असेल, पण त्यांनी निघू दिली नाही. त्या गेल्या तेव्हा गावातल्या बायकांना कळेना, त्यांना कुंकू लावून पाठवायचं की पुसून. मोठ्या बाई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, लावा.

आता मोठ्या बाई नाहीत. काकू नाहीत, गोदामाय नाही, चाची नाही, तिचा नवरा नाही. माय आणि दादा एकाच वर्षी गेले. लीला मागच्या उन्हाळ्यात गेली. त्या दुपारी त्या पडवीत जेवढ्या होत्या, त्यांतली मी एकटी जिवंत आहे.